सीताबर्डी
सीताबर्डी : नागपूर शहरातील किल्लायुक्त जोडटेकडी. स्थानिक उच्चार नुसता ‘बर्डी’. बरड म्हणजे खडकाळ माळ. त्यावरून नाव पडले असावे. शीतलाप्रसाद व बद्रीप्रसाद या गवळी बंधूंवरून ते आल्याची दंतकथाही प्रचलित आहे.

भूरचना : दक्षिणेस मोठी व उत्तरेस लहान अशा दोन टेकड्या, मध्ये खिंड. खडक काळा बेसाल्ट. दख्खनच्या लाव्हाथरांची पूर्व कड नागपुरापाशी संपते, म्हणून भूवैज्ञानिकांना हे ठिकाण महत्त्वाचे वाटते. लाव्हाच्या दोन थरांमधील गोड्या पाण्यातील गाळाचा पट्टा स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अभ्यासला. पूर्वेस जुम्मा तलाव व त्यापलीकडे जुने शहर. पश्चिमेस इंग्रजांची रेसिडेन्सी होती.

लढाई (२६-२७ नोव्हेंबर १८१७) : त्या वेळी टेकडीवर किल्ला नव्हता, हे अनेक वर्णनांत निसटते. नागपूरचे अप्पासाहेब भोसले यांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला होता. पण पेशवे व इंग्रज यांच्यातील खडकीच्या लढाईनंतर २४ नोव्हेंबरला त्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे स्वीकारली. तेव्हा इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सने टेकड्या ताब्यात घेतल्या. कर्नल स्कॉटच्या हाताखाली मद्रासच्या २० व २४ क्रमांकाच्या पलटणी आणि बंगालच्या सहाव्या घोडदळाच्या तीन तुकड्या होत्या. एकूण बळ दीड हजारांच्या आत. भोसल्यांची फौज इंग्रजी कागदांत अठरा हजार मांडलेली आहे; हरलेल्यांची संख्या विजेत्याने सांगितलेली असल्याने ती सावधपणे घ्यावी. २६च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला. लहान टेकडी पायथ्याच्या घरांच्या माऱ्यात येत होती आणि रात्रभरची हानी तिथेच सर्वाधिक झाली. सकाळी भोसल्यांच्या फौजेतील अरबांनी ती सर केली व तेथील तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. मैदानात कॅप्टन फिट्झजेराल्डने घोडदळ घालून भोसल्यांच्या तोफा घेतल्या. तशात लहान टेकडीवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट होऊन अरबांची फळी विस्कटली आणि पायदळाने ती परत जिंकली. दुपारपर्यंत लढाई संपली. ईस्ट इंडिया कंपनीचे साडेतीनशेंहून अधिक मृत व जखमी झाले. वेल्लोरच्या शिपायांच्या उठावानंतर गमावलेला ‘पहिली पलटण’ हा मान मद्रासच्या २४ व्या पलटणीस या लढाईबद्दल परत मिळाला.

अरबांच्या शौर्याची नोंद शत्रूनेही केली; त्यांच्या सरदारांची नावे मात्र या वृत्तांतांत क्वचितच येतात.

डिसेंबरात इंग्रज सेनानी डव्हटनच्या फौजेपुढे अप्पासाहेब शरण आले. जानेवारी १८१८ च्या तहाने टेकडी इंग्रजांकडे गेली आणि त्यांनी तटबंदी बांधली.

१८५७ : इंग्रजांविरुद्ध जूनमधील उठावाचा बेत फसला, त्यातील काहींना किल्ल्यावर फाशी दिली. येथील नवगज अली बाबांची कबर त्यांचीच, अशी परंपरा आहे.

सद्यःस्थिती : किल्ला लष्कराच्या ताब्यात. वर्षातील मोजक्या राष्ट्रीय दिवशी लोकांना प्रवेश मिळतो. पायथ्याशी रेल्वेस्थानकाजवळ टेकडी गणपतीचे देऊळ.