जुना स्मार्टफोन ऑनलाइन घेताना : आधी फोन कोणाचा ते तपासा

जयपूर – मिर्झा इस्माईल मार्गावरील, म्हणजेच एम. आय. रोडवरील जयंती मार्केट हे मोबाईल संच, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती यांसाठी जयपूर शहरात परिचित असलेले ठिकाण आहे. मुंबईकरांना मनीष मार्केट किंवा दिल्लीकरांना गफ्फार मार्केट जसे ठाऊक असते, तसेच हे. जुना फोन घ्यायचा तर अशा बाजारात जावे, चार दुकाने फिरावीत, संच हातात घेऊन पाहावा आणि मग भाव करावा, अशी रीत होती. ती आजही संपलेली नाही. मात्र हाच व्यवहार आता मोठ्या प्रमाणावर संकेतस्थळे आणि ॲपवरून होऊ लागला आहे. खरेदीदार जयपूरचा, विक्रेता दुसऱ्या राज्यातला आणि फोन तिसऱ्याच शहरातील गोदामात, असे चित्र सर्रास दिसते. दुकानाचा गाळा निदान दुसऱ्या दिवशी जागेवर सापडतो. जाहिरात टाकणाऱ्याचा क्रमांक सापडेलच, याची खात्री नसते.

जुना फोन घेताना ग्राहकाच्या मनात सहसा बॅटरी, पडदा आणि कॅमेरा यांविषयी शंका असतात. त्या रास्त आहेत. परंतु बॅटरी बदलता येते, पडदाही बदलता येतो. जो दोष कोणत्याही दुरुस्तीने जात नाही, तो म्हणजे विकणाऱ्याकडे फोनची मालकीच नसणे. हा प्रश्न बहुतेक ग्राहक विचारत नाहीत आणि सर्वांत मोठा फटका नेमका तेथेच बसतो.

मालकी नसलेल्याकडून खरेदी

वस्तुविक्री अधिनियम, १९३० मधील कलम २७ चे तत्त्व साधे आहे. विक्रेता स्वतः मालक नसेल आणि मालकाने त्याला विक्रीचा अधिकारही दिलेला नसेल, तर खरेदीदाराला विक्रेत्याहून अधिक चांगला हक्क मिळत नाही. कायद्याने याला काही अपवाद ठेवले आहेत. पण चोरीचा फोन चोराकडून घेणाऱ्याला ते सहसा तारत नाहीत. ग्राहकाने पूर्ण किंमत मोजली, तो प्रामाणिक होता, त्याला काहीच ठाऊक नव्हते, हे सारे खरे असले तरी फोन मूळ मालकाचाच राहतो.

पोलीस हरवलेले आणि चोरीला गेलेले मोबाईल शोधून मालकांना परत करतात, तेव्हा त्या समारंभाची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. राजस्थान पोलीसही असे संच वेळोवेळी परत करीत असतात. मालकाला फोन मिळाल्याचा आनंद छायाचित्रात दिसतो. ज्याच्या हातून तो फोन परत घेण्यात आला, तो मात्र छायाचित्रात नसतो. अशा व्यक्तींपैकी काहींनी तो पैसे देऊन, कोणा तिसऱ्याकडून घेतलेला असतो. त्यांचा फोन जातो, पैसे जातात आणि तो कोणाकडून घेतला याचे उत्तरही त्यांनाच द्यावे लागते.

चोरीची मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ मध्ये हीच तरतूद होती. वस्तू चोरीची आहे हे माहीत असणे किंवा तसे मानण्यास सबळ कारण असणे, ही या गुन्ह्याची अट आहे. त्यामुळे खरोखर अजाण असलेल्या ग्राहकाला घाबरण्याचे कारण नाही. परंतु चाळीस हजारांचा, जेमतेम दोन महिने वापरलेला फोन कोणी बिलाशिवाय आठ हजारांत देत असेल, तर ‘मला शंकाच आली नाही’ हे उत्तर पटवून देणे अवघड जाते.

पंधरा अंकांची ओळख

प्रत्येक मोबाईल संचाला आयएमईआय नावाचा पंधरा अंकी क्रमांक असतो. पहिले आठ अंक संचाची कंपनी आणि मॉडेल सांगतात, पुढील सहा अंक त्या विशिष्ट संचाचे असतात आणि शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो. दोन सिमकार्डे चालणाऱ्या फोनला असे दोन क्रमांक असतात. डायल करण्याच्या जागी *#०६# दाबल्यास ते पडद्यावर दिसतात. खोक्यावरील व बिलावरील क्रमांक यांच्याशी तंतोतंत जुळले पाहिजेत.

या क्रमांकाचे महत्त्व देशाला उशिराच उमगले. मुंबईवरील २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर वैध आयएमईआय नसलेल्या संचांवरील सेवा २००९ च्या अखेरीस बंद करण्यात आली. तेव्हा बाजारात असे स्वस्त संच मुबलक होते आणि अनेकांनी पैसे भरून आपल्या फोनमध्ये अस्सल क्रमांक घालून घेतला होता. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये चोरीचे फोन बंद करणारी केंद्रीय नोंदवही, म्हणजेच सीईआयआर, प्रायोगिक स्वरूपात प्रथम मुंबईत सुरू झाली. महाराष्ट्र आणि गोवा हे तिचे पहिले लाभार्थी. मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या संकेतस्थळाद्वारे ती देशभर खुली करण्यात आली.

ही व्यवस्था अशी चालते : फोन हरवल्यावर मालक पोलिसांत तक्रार नोंदवतो आणि तिची प्रत जोडून आयएमईआय बंद करण्याची विनंती करतो. त्यानंतर तो क्रमांक सर्व दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यात रोखला जातो. चोराने सिमकार्ड बदलले तरी उपयोग होत नाही, कारण बंदी सिमवर नसून संचावर असते. शिवाय त्या संचात कोणी नवे सिम घातले, की त्याचा माग पोलिसांना मिळतो. जुना फोन विकत घेतलेल्या ग्राहकापर्यंत पोलीस पोहोचतात ते याच वाटेने.

खरेदीदारालाही हीच नोंदवही पाहता येते. इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून पंधरा अंकी क्रमांक टाकावा आणि हा लघुसंदेश १४४२२ वर पाठवावा. संचार साथीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्येही ही सोय आहे. उत्तरात संच काळ्या यादीत असल्याचे, क्रमांक ‘डुप्लिकेट’ असल्याचे किंवा तो आधीच वापरात असल्याचे आले, तर असा फोन घेऊ नये, असे दूरसंचार विभागच सांगतो. उत्तरात कंपनी आणि मॉडेलचे नावही येते. हातातला फोन एका कंपनीचा आणि उत्तरातले नाव दुसऱ्या कंपनीचे असेल, तर क्रमांक बदलण्यात आला आहे, असेच समजावे.

असे बदल अपवादात्मक नाहीत. उत्तर प्रदेशातील मेरठ येथे २०२० मध्ये एका पोलीस कर्मचाऱ्याच्या दुरुस्त होऊन आलेल्या फोनची तपासणी सुरू झाली, तेव्हा एकाच आयएमईआयवर १३ हजारांहून अधिक संच चालत असल्याचे उघडकीस आले होते. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार या क्रमांकात फेरफार करणे, तसेच फेरफार केलेला संच जाणीवपूर्वक बाळगणे, यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत दुरुस्ती करण्यात आली असून, वापरलेल्या संचांची खरेदी-विक्री करणाऱ्यांनी व्यवहारापूर्वी आयएमईआय केंद्रीय यादीशी पडताळून पाहणे त्यानुसार आवश्यक ठरले आहे. ग्राहकाने विक्रेत्याकडे या पडताळणीविषयी अवश्य विचारणा करावी.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. नोंदवहीत क्रमांक ‘वैध’ दिसला म्हणजे फोन चोरीचा नाही, असे सिद्ध होत नाही. रेल्वेत सकाळी चोरलेला फोन दुपारी जाहिरातीत येऊ शकतो आणि मालकाची तक्रार संध्याकाळी नोंदली जाते. आज स्वच्छ दिसणारा क्रमांक आठवड्याने बंद होऊ शकतो. म्हणून पडताळणीच्या जोडीला मूळ खरेदीचे बिल, विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि विक्रीची लेखी नोंद, त्यात दोन्ही आयएमईआय, किंमत आणि तारीख, हे सारे हवे. पैसे रोखीने न देता बँकेमार्फत द्यावेत. उद्या पोलिसांपुढे जाण्याची वेळ आली तर हेच कागद ग्राहकाचा प्रामाणिकपणा सांगतील.

मालकीचा गुंता केवळ चोरीमुळेच निर्माण होतो असे नाही. हप्त्यांवर घेतलेला फोन कर्ज फिटण्यापूर्वीच विकला जातो. हप्ते थकल्यास दुरूनच फोनला कुलूप लावणारे ॲप काही वित्तसंस्थांनी वापरलेले आहे. तेव्हा फोन हप्त्यांवर घेतला होता का, हे विचारून कर्ज फिटल्याचा दाखला मागावा. कार्यालयाने कर्मचाऱ्याला दिलेले संचही अशाच रीतीने बाजारात येतात.

जुन्या मालकाचे खाते फोनमध्ये तसेच राहिले असेल, तर आणखी एक अडचण उद्भवते. आयफोनमध्ये २०१३ पासून आणि अँड्रॉइड फोनमध्ये २०१५ पासून चोरीविरोधी कुलपाची सोय आहे. फोन बळजबरीने कोरा केला तरी तो सुरू होताना आधीच्या खात्याचा पासवर्ड मागतो. तो नसेल तर महागडा संच निरुपयोगी ठरतो. विक्रेत्याने आपले खाते काढून, फोन समोर कोरा करून, तो नव्या खात्याने सुरू होतो हे दाखवल्यावरच पैसे द्यावेत. ‘घरी गेल्यावर पासवर्ड पाठवतो’ या आश्वासनावर विसंबू नये.

पैसे आधी, फोन कधीच नाही

दुसऱ्या प्रकारच्या फसवणुकीत फोन अस्तित्वातच नसतो. जयपूरपासून सुमारे १८५ किलोमीटरवर असलेला भरतपूर, त्याला लागून असलेले डीग आणि अलवर, तसेच हरियाणातील नूह हा मेवात परिसर अशा गुन्ह्यांसाठी गेल्या काही वर्षांत देशभर बदनाम झाला. राजस्थान पोलिसांनी २०२४ मध्ये भरतपूर परिक्षेत्रात ‘ऑपरेशन अँटीव्हायरस’ नावाची मोहीम राबवून येथील टोळ्यांवर कारवाई केली. अर्थात या टोळ्यांचे बळी स्थानिक नसतात; ते महाराष्ट्रातले असतात, तेलंगणातले असतात, कोठलेही असतात.

पद्धत ठरलेली आहे. जाहिरात देणारा स्वतःला लष्कराचा किंवा निमलष्करी दलाचा जवान म्हणवतो. बदली झाली, म्हणून सामान घाईने विकायचे आहे, असे सांगतो. गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रत पाठवतो. ती बहुधा दुसऱ्याच कोणाची असते. मग वाहतुकीचा खर्च, विम्याची रक्कम, परत मिळणारी अनामत अशी एकेक मागणी सुरू होते. जवानाबद्दल समाजात असलेल्या आदराचाच हा गैरफायदा आहे आणि म्हणूनच तो अधिक संतापजनक वाटतो.

आपला जुना फोन विकू पाहणाऱ्यालाही हेच लोक ‘पैसे मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवतात. तो कोड वाचून पिन टाकला, की रक्कम खात्यात येण्याऐवजी जाते. यूपीआयचा पिन केवळ पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही नाही.

अनोळखी व्यक्तीशी व्यवहार करायचाच असेल तर तो प्रत्यक्ष भेटून, दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी करावा. भेटायला नकार देणारा विक्रेता कितीही गोड बोलला तरी त्याला टाळावे. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनी करावा. रक्कम पुढील खात्यांत फिरण्यापूर्वी रोखण्याचा प्रयत्न तेथून होतो. त्यामुळे लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणे महागात पडते.

‘रिफर्बिश्ड’ शब्दाचा अर्थ

जुने फोन तपासून, दुरुस्त करून, हमीसह विकणाऱ्या कंपन्यांकडून खरेदी करणे तुलनेने सुरक्षित आहे. मात्र ‘उत्तम’, ‘अतिउत्तम’ या श्रेणी प्रत्येक विक्रेता आपापल्या मोजपट्टीने ठरवतो, हे ध्यानात ठेवावे. हमी किती महिन्यांची, बॅटरी तिच्यात येते का आणि फोन परत करण्याची मुदत किती, हे वाचून घ्यावे. आयफोनच्या सेटिंगमध्ये कोणते भाग बदलले आहेत याची नोंद पाहता येते. ही सोय डिसेंबर २०२१ पासून आली. एकदा उघडलेल्या फोनचे पाण्यापासून संरक्षण पूर्वीइतके राहील, असे गृहीत धरू नये.

सॉफ्टवेअरचे वयही पाहावे. सुरक्षा सुधारणा बंद झालेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे असते. १५.१ पूर्वीची आयओएस प्रणाली असलेल्या आयफोनवर व्हॉट्सॲप मे २०२५ पासून चालत नाही. परदेशातून आलेल्या संचांबाबत तर विशेष दक्षता हवी. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ मध्ये सिमकार्ड घालण्याची जागाच नाही.

तक्रार कोठे करावी

विक्रेता व्यापारी असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ लागू होतो. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार सदोष किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रार आल्यावर तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तिची पोच द्यावी आणि महिनाभरात निवारण करावे, अशीही तरतूद आहे. खोके उघडताना सलग चित्रफीत काढून ठेवली, तर ‘तुम्हीच फोन बदलला’ या आरोपाला उत्तर देता येते. एका व्यक्तीने आपला वापरातला फोन दुसऱ्याला विकला, तर मात्र ग्राहक आयोगाचा मार्ग साधारणपणे मिळत नाही. तेथे फसवणुकीची पोलीस तक्रार किंवा दिवाणी दावा एवढेच उरते. जाहिरातीतील भावाची तुलना करताना हा फरकही किमतीत धरला पाहिजे.

राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ असून तेथे प्रथम तक्रार नोंदवता येते. त्याने प्रश्न सुटला नाही तर जिल्हा आयोगाकडे जावे. त्यासाठी कंपनीच्या गावी जाण्याची आवश्यकता नाही. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. जयपूरच्या विक्रेत्याकडून फोन मागवलेला सोलापूरचा ग्राहक सोलापुरातच, तर गुरुग्रामच्या कंपनीकडून फोन घेतलेला जयपूरचा ग्राहक जयपुरातच दाद मागू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.