दुसरी भाषा : भारतीय शाळांतील फ्रेंच

१८६९ मध्ये कलकत्त्याच्या रामबागानातील गोविनचंद्र दत्त पत्नी आणि दोन मुलींसह युरोपला निघाले. त्यांचा एकुलता मुलगा अब्जू चार वर्षांपूर्वी दगावला होता. हे कुटुंब प्रथम उतरले ते इंग्लंडात नव्हे, तर दक्षिण फ्रान्समध्ये. आणि नीस येथील एका फ्रेंच शाळेत अरू व तोरू या बहिणी काही महिने गेल्या. तोरू तेव्हा तेरा वर्षांची होती. या दोघींनी बालपणी पाहिलेली शाळा एवढीच. पुढे लंडन आणि केंब्रिज येथील वास्तव्य आटोपून १८७३ मध्ये दत्त कुटुंब स्वदेशी परतले. दुसऱ्याच वर्षी अरू क्षयाने गेली. १८७६ मध्ये भवानीपूरच्या एका छापखान्यातून फ्रेंच कवितांच्या इंग्रजी अनुवादांचा तोरूचा संग्रह निघाला. त्यात आठ अनुवाद मृत बहिणीचे होते. त्याला प्रस्तावना नव्हती, आणि इंग्लंडात प्रकाशक मिळवण्याची खटपटही झाली नव्हती. एडमंड गॉससारख्या समीक्षकाच्या हाती तो पडला आणि त्याने त्याची मनःपूर्वक दखल घेतली. १८७७ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तोरूही गेली. तिच्या मागे सापडलेली, थेट फ्रेंचमध्ये लिहिलेली कादंबरी १८७९ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाली.

तोरू दत्तच्या या कहाणीत करुणरम्यतेचा अंश इतका मोठा आहे की तिच्यातील एक साधी गोष्ट बहुधा नजरेआड होते. इंग्रजी ही त्या मुलीला लाभलेली राज्यकर्त्यांची भाषा. फ्रेंच मात्र तिने आवडीने जोडली. या भाषेशी नोकरीचा संबंध नव्हता, दरबारी प्रतिष्ठेचाही नव्हता. वडिलांपाशी बसून संस्कृत शिकायला तिने आरंभ केला तो फ्रेंच चांगली आत्मसात झाल्यानंतर. म्हणजे आपल्याच परंपरेची भाषा तिच्या वाट्याला क्रमाने शेवटी आली. भारतात फ्रेंच शिकण्याचा इतिहास पाहताना हा उलटा क्रम पुन्हा पुन्हा भेटतो.

परंतु त्याच काळात, त्याच देशात, फ्रेंच ही सक्तीची, भाकरीची आणि कायद्याची भाषा असलेले पाच लहान प्रदेश होते : पाँडिचेरी, कारैकल, यानम, माहे आणि चंद्रनगर. मराठी कागदपत्रांत ज्यांना 'फरासीस' म्हटले आहे त्यांच्या दक्षिणेतील महत्त्वाकांक्षेचे हे अवशेष. डुप्लेच्या काळी फ्रेंच जाणण्याचे काम दुभाष्यांवर सोडून चालत असे. आनंदरंग पिळ्ळै हा त्यांतला सर्वांत नामांकित. त्याने १७३६ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, जी रोजनिशी ठेवली ती तमिळमध्ये; दिवसभर फरासीसांच्या दरबारी वावरणारा हा मुत्सद्दी रात्री हिशेब आणि मनातले बोल स्वभाषेत उतरवीत होता. शाळेची गरज एकोणिसाव्या शतकात निर्माण झाली. गव्हर्नर देबासँ द रिशमाँ याच्या कारकिर्दीत, १८२६ मध्ये, पाँडिचेरीत राजकीय विद्यालय स्थापन झाले. आज 'लिसे फ्रान्से' म्हणून ओळखली जाते ती हीच संस्था. आरंभी ती गोऱ्यांच्या मुलांसाठी होती. एतद्देशीयांची सोय निराळ्या शाळांत. 'समता' हा शब्द ज्या राष्ट्राने जगाला दिला त्याच्या शाळांची ही वाटणी विद्यार्थ्यांच्या ध्यानात आली नसेल असे मानण्याचे कारण नाही. पुढे काळवे सुब्राय चेट्टी या धनिकाच्या दानातून हिंदू मुलांसाठी स्वतंत्र विद्यालय उभे राहिले.

या शाळांतून फ्रेंच शिकलेल्या पहिल्या पिढ्यांचा प्रश्न भाषेचा कमी आणि दर्जाचा अधिक होता. पोन्नुतंबी पिळ्ळै या वकिलाचा खटला या दृष्टीने बोलका आहे. युरोपीय पद्धतीचे जोडे घालून तो न्यायालयात उभा राहिला, म्हणून न्यायाधीशाने त्याला हटकले. एतद्देशीयाने अनवाणी किंवा देशी वहाणांतच यावे असा तिथला दंडक. पोन्नुतंबीने माघार घेतली नाही; प्रकरण पॅरिसच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि जिंकले. हा लढा त्याने फ्रेंच कायद्याच्या आधारे आणि फ्रेंच भाषेतच दिला, हे लक्षात घ्यावे लागते. राज्यकर्त्याची भाषा नीट शिकलेला माणूस राज्यकर्त्याला त्याच्याच शब्दांत पकडू शकतो, याचे हे नमुनेदार उदाहरण. परंतु विजयाची किंमतही त्याने स्वतःच ठरवली. २१ सप्टेंबर १८८१ च्या हुकुमाने धर्म-जातिनिष्ठ व्यक्तिगत कायद्याचा त्याग करून फ्रेंच नागरी कायदा पत्करण्याची मुभा मिळाली. पोन्नुतंबी या त्याग करणाऱ्यांचा अग्रणी झाला आणि त्याने 'लापोर्त', म्हणजे 'दार', हे आडनाव घेतले. दाराच्या आत किती जण गेले आणि उंबरठ्यावर किती राहिले, याचा विचार तमिळ भाषिकांना पुढे बराच काळ करावा लागला. त्यागपत्रे भरणाऱ्यांत दलित आणि ख्रिस्ती मोठ्या प्रमाणावर होते. त्यांना त्यागण्याजोगे फारसे नव्हतेच. त्यांची मुले फ्रेंच शिकून सायगावच्या कचेऱ्यांत आणि वसाहतीच्या फौजेत गेली. पाँडिचेरीत निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कुटुंबांच्या कथा या स्थलांतरातून आल्या आहेत.

याच गावी १९०८ मध्ये सुब्रह्मण्य भारती इंग्रजांच्या पकडीतून निसटून आले आणि दहा वर्षे राहिले. त्यांच्या 'इंडिया' साप्ताहिकाने स्वातंत्र्य, समता, बंधुता ही फ्रेंच त्रयी ब्रीद म्हणून मिरवली होती. पाँडिचेरीत ते फ्रेंचही शिकले. त्यांचा शिष्य भारतीदासन तर याच भूमीत १८९१ मध्ये जन्मलेला. १९०९ मध्ये तो फ्रेंच सरकारच्या शाळेत तमिळचा शिक्षक म्हणून रुजू झाला आणि निवृत्तीपर्यंत तेच काम करीत राहिला. तमिळच्या अस्मितेचा एवढा प्रखर कवी फ्रेंच सरकारचा पगारी नोकर होता, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. ज्या शाळेत दुसऱ्या भाषेचा दबदबा असतो तिथेच पहिल्या भाषेची धार जाणवते. (मराठी वाचकाला येथे एक वेगळी आठवण होणे स्वाभाविक आहे. ऑक्टोबर १९५४ मधील आकाशवाणीवरील भाषणात डॉ. आंबेडकरांनी हीच तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे, तर बुद्धापासून घेतली असे बजावून सांगितले होते.)

चंद्रनगरची गोष्ट थोडक्यात सांगता येते. डुप्लेचे नाव असलेल्या तिथल्या विद्यालयात शिकलेला कन्हाईलाल दत्त १९०८ मध्ये फाशी गेला. आज त्याच विद्यालयाला कन्हाईलालचे नाव आहे. माहेच्या वाट्याला मात्र मोठा कादंबरीकार आला. १९४२ मध्ये तिथे जन्मलेले एम. मुकुंदन यांची 'मय्यळिप्पुळयुडे तीरङ्ङळिल' ही मल्याळम कादंबरी १९७४ ची. तिचा नायक दासन फ्रेंच शिक्षणात चमकतो. घराला आशा असते ती सरकारी नोकरीची. आणि तो मात्र फरासीसांना घालवण्याच्या चळवळीत शिरतो. आईबापांच्या दृष्टीने मुलाचे फ्रेंच म्हणजे वर्षानुवर्षांच्या उपासमारीवर मिळालेला उतारा. मुलाच्या दृष्टीने त्या भाषेतच शिकलेल्या स्वातंत्र्याचा हा सरळ अर्थ. मुकुंदन कोणाचीही बाजू सोपी करीत नाहीत. फरासीस गेल्यानंतर मागे उरलेल्यांचे दुःख त्यांनी 'दैवत्तिन्टे विकृतिकळ' मध्ये रंगवले. या कादंबरीला १९९२ चे साहित्य अकादेमी पारितोषिक मिळाले. या कादंबऱ्या लिहिणारा लेखक दिल्लीतील फ्रेंच वकिलातीत दीर्घकाळ नोकरीस होता, हेही येथे नोंदवायला हवे.

१ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रत्यक्ष सत्तांतर झाले. १९५६ च्या तहाने लोकप्रतिनिधी अन्यथा ठरवीत नाहीत तोवर फ्रेंच हीच शासनभाषा राहील असे ठरले. तहाला अंतिम मान्यता मिळाली १९६२ च्या ऑगस्टमध्ये. १९६५ च्या कायद्याने तमिळ पुढे आली, इंग्रजीला वाव मिळाला, माहेत मल्याळम आणि यानममध्ये तेलुगू यांची सोय झाली. पावणेतीनशे वर्षांच्या संबंधातली शासनभाषा इतक्या शांतपणे मागे पडावी, याचे कारण उघड आहे : ती शाळेत रुजली होती, घरात नव्हे. त्याच गावच्या अरविंदाश्रमात मात्र १९४३ मध्ये निघालेल्या शाळेने गणित आणि विज्ञान फ्रेंचमधून शिकवण्याची प्रथा पाडली. राज्यसत्तेचा टेकू नसलेली फ्रेंच तिथे टिकली. खुद्द अरविंदांनी बडोद्याच्या महाविद्यालयात असताना काही काळ फ्रेंच शिकवली होती.

मुंबई इलाख्यातील प्रश्न निराळा. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात इंग्रजीच्या जोडीला अभिजात भाषा घ्यावी लागे, आणि देशी भाषा लवकरच वरच्या परीक्षांतून हद्दपार झाल्या. मराठीला विद्यापीठात स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे अखेरपर्यंत झगडत होते. संस्कृत, फारसी, लॅटिन यांच्या पंक्तीला कालांतराने फ्रेंचही आली; पारशी कुटुंबांतील मुलामुलींचा तिच्याकडे विशेष ओढा राहिला. 'दुसरी भाषा' निवडणे हा वरवर रुचीचा प्रश्न. प्रत्यक्षात ती निवड जात, पैसा आणि शिक्षकाची मर्जी यांनी बांधलेली होती. भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृत हवी होती. शिक्षकाने नाकारली म्हणून त्याला फारसी घ्यावी लागली. पुढे स्वतःच्या कष्टाने त्यांनी संस्कृत मिळवली. वेळापत्रकातील भाषेचा तास म्हणजे केवळ सोय, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

फ्रेंच शिकवली गेली, पण मराठी साहित्यात ती उतरली किती? मोलिएरचे उदाहरण घेता येईल. देवलांचे 'संशयकल्लोळ' मूळचे मोलिएरचे खरे, परंतु ते मराठीत आले आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून. हरिभाऊ आपट्यांचे 'मारून मुटकून वैद्यबोवा' याच जातीचे. फाल्गुनराव आणि आश्विनशेठ इतके अस्सल मराठी आहेत की त्यांचे गोत्र विचारावेसे वाटत नाही, ही देवलांची थोरवी. तरीही मधल्या इंग्रजी दलालाची नोंद घ्यावीच लागते. बंगालमध्ये ज्योतिरिंद्रनाथ ठाकुरांनी मोलिएर फ्रेंचवरून थेट घेतला. याच ज्योतिरिंद्रनाथांनी टिळकांचे 'गीतारहस्य' मराठीवरून बंगालीत नेले. दोन्हीकडे त्यांना इंग्रजीची मध्यस्थी नको होती.

ही मध्यस्थी आपल्या शाळांतून अद्याप गेलेली नाही. मराठी मुलाला फ्रेंच शिकवली जाते ती इंग्रजीतून. त्यामुळे जे त्याला घरचे वाटले असते तेच परके होते. निर्जीव वस्तूंना लिंग असावे याचे इंग्रजाला नवल. मराठी मुलाला नवल वाटायला हवे ते एवढेच की आपला चंद्र तिथे स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी पुस्तक पुल्लिंगी. 'त्यु' आणि 'वू' यांतला फरक इंग्रजीच्या एकाच सर्वनामातून समजावताना शिक्षकाची दमछाक होते. 'तू' आणि 'तुम्ही' म्हटले की काम संपते. नव्वदला 'चार विसा आणि दहा' म्हणणारी फ्रेंच भाषा मुलांना विक्षिप्त वाटते, पण विसांनी मोजणाऱ्या आजीच्या नातवाला ती वाटू नये. पूर्वी मोजेच्या निळ्या पुस्तकातून धडे गिरवले जात. पुस्तके बदलली, रीत फारशी बदलली नाही. १९६८ च्या त्रिभाषासूत्रानंतर फ्रेंच अनेक शहरी शाळांत संस्कृतची प्रतिस्पर्धी म्हणून उभी राहिली, आणि कनिष्ठ महाविद्यालयांत तर हमखास गुण देणारा विषय म्हणून मराठीलाच पर्याय झाली. परीक्षा संपताच ती विसरली जाते. यात फ्रेंचचा लाभ नाही आणि मराठीची हानी मात्र उघड आहे. २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत जर्मनच्या जागी संस्कृत आणण्यावरून जो वाद माजला त्यातही, मुले त्या भाषेत पुढे काय वाचणार, हा प्रश्न मागेच राहिला. महाराष्ट्राने २०२० मध्ये कायद्याने मराठी सर्व शाळांत सक्तीची केली; तोच प्रश्न तिथेही लागू आहे.

मराठीपुरते या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वीच देऊन ठेवलेले आहे. मराठी भाषेचा पहिला शास्त्रशुद्ध इतिहास मराठीत लिहिला गेला नाही, इंग्रजीतही नाही. तो झ्यूल ब्लॉक यांनी फ्रेंचमध्ये लिहिला आणि तो १९२० मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. ज्ञानेश्वरीपासून बोलींपर्यंतची मराठी तपासणारा हा ग्रंथ मराठी माणसाला बंद होता. तो उघडला वासुदेव गोपाळ परांजपे यांनी. पुण्याचे हे संस्कृतज्ञ फ्रेंच शिकले ते गुणांसाठी नव्हे. कात्यायनाच्या वार्तिकांवरचा त्यांचा स्वतःचा प्रबंधही फ्रेंचमध्येच लिहिलेला, १९२२ चा. ब्लॉक यांच्या ग्रंथाचा त्यांनी केलेला अनुवाद 'मराठी भाषेचा विकास' या नावाने १९४१ मध्ये निघाला. त्याचा इंग्रजी अनुवाद व्हायला १९७० उजाडले.