‘आर्टिस्ट’ म्हणजे नेमकं कोण? अर्ज भरण्याआधी कलाकार आणि कारागीर यांतला फरक समजून घ्या

मोबाईलवर एखादा अर्ज उघडला की नाव, गाव, जन्मतारीख इथपर्यंत सगळं सोपं असतं. पुढे ‘व्यवसाय’ नावाचा रकाना येतो आणि त्याखाली इंग्रजी शब्दांची यादी उघडते. आर्टिस्ट, आर्टिझन, परफॉर्मर, क्रिएटर. ढोलकी वाजवणारा, गणपतीच्या मूर्ती घडवणारा, वारली चित्र काढणारी बाई आणि रील बनवणारा पोरगा, या चौघांनी यातलं काय निवडायचं? बरेच जण ‘आर्टिस्ट’वर बोट ठेवतात आणि पुढे जातात. पण हा शब्द वाटतो तितका सरळ नाही. चुकीचा शब्द निवडला तर माणूस भलत्याच योजनेच्या रांगेत उभा राहू शकतो.

शब्द आला कुठून?

‘आर्टिस्ट’ आणि ‘आर्टिझन’ हे दोन्ही शब्द एकाच घरातले. लॅटिन भाषेत ‘आर्स’ म्हणजे हातातलं कसब. त्यावरून इंग्रजीत ‘आर्ट’ आला. पूर्वी युरोपात चित्र काढणारा आणि खुर्ची बनवणारा यांच्यात आजच्याइतका भेद करत नसत. दोघंही कसबी माणसं. पुढे चित्रकार, शिल्पकार यांना ‘आर्टिस्ट’ म्हणायला लागले आणि हाताने उपयोगाच्या वस्तू बनवणाऱ्याला ‘आर्टिझन’ हा शब्द राहिला.

मराठीत हा भेद कलाकार आणि कारागीर या दोन शब्दांनी दाखवता येतो. कलाकार म्हणजे आर्टिस्ट, कारागीर म्हणजे आर्टिझन, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

चार शब्द, चार अर्थ

*आर्टिस्ट :* चित्रकार, शिल्पकार, गायक, वादक, नट या सगळ्यांना हा शब्द चालतो. गाण्यांच्या ॲपवर मात्र ‘आर्टिस्ट’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ गायक, संगीतकार किंवा बँड असा असतो. तिथे चित्रकार शोधायला जाऊ नये.

*आर्टिझन :* सुतार, लोहार, कुंभार, बुरूड, चांभार, सोनार अशी हाताने आणि अवजाराने वस्तू घडवणारी माणसं.

*परफॉर्मर :* लोकांसमोर कला सादर करणारा. शाहीर, गोंधळी, तमाशातले आणि दशावतारातले कलाकार, कीर्तनकार. इंग्रजीत यांच्यासाठी ‘आर्टीस्ट’ असा एक जुना शब्दही आहे. त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ई’ जास्त असतो आणि उच्चारताना ‘टी’ लांबवतात. जुन्या कागदपत्रांत तो दिसला तर स्पेलिंग चुकलं असं समजू नये.

*क्रिएटर :* इंटरनेटवर व्हिडिओ, फोटो, मजकूर टाकणारा. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर ‘डिजिटल क्रिएटर’ निवडलं म्हणून सरकारी कागदावर कलावंत म्हणून नोंद होत नाही. ती फक्त त्या ॲपपुरती ओळख आहे.

सरकारी योजनेत कुठला शब्द चालतो?

खरी अडचण इथेच होते.

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. ती ‘आर्टिझन’साठी आहे, म्हणजे कारागिरांसाठी. त्यात १८ पारंपरिक व्यवसाय ठरवून दिलेले आहेत. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, शिंपी, न्हावी, परीट, गवंडी, चांभार, मूर्तिकार, टोपल्या-झाडू बनवणारे, हार बनवणारे, बाहुल्या-खेळणी बनवणारे, मासेमारीची जाळी विणणारे वगैरे. यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे. पण ढोलकीपटू, शाहीर किंवा चित्रकार या १८ जणांत बसत नाहीत. त्यांनी तिथे कितीही वेळा ‘आर्टिस्ट’ म्हणून सांगितलं तरी उपयोग नाही.

उलट महाराष्ट्र सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठीची मानधन योजना आहे. तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि २०२४ पासून मानधन महिना ५ हजार रुपये झालं आहे. ही योजना ‘आर्टिस्ट’ची, म्हणजे कलावंतांची. तमाशा, भारूड, गोंधळ, कीर्तन, शाहिरी यांत आयुष्य घातलेल्या माणसांनी इकडे चौकशी करायची. वय, उत्पन्न आणि कागदपत्रांच्या अटी पंचायत समितीत विचारून घ्याव्यात. कार्यक्रमांच्या पत्रिका, फोटो, प्रमाणपत्रं, पेपरातली कात्रणं जपून ठेवली असतील तर कलेचा पुरावा म्हणून ती दाखवता येतात.

तिसरी गोष्ट ‘पहचान’ कार्डाची. हस्तकला करणाऱ्यांसाठी केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयातलं हस्तकला विकास आयुक्त कार्यालय हे ओळखपत्र देतं. त्यावरही शब्द ‘आर्टिझन’ हाच.

मग वारली चित्र काढणारी कोण?

या प्रश्नावर दोन्ही शब्दांचा कस लागतो. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार भागात लग्नाच्या वेळी बायका घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढत आल्या. त्यांना कुणी आर्टिस्ट म्हणत नव्हतं आणि आर्टिझनही नाही. तो लग्नाचाच एक विधी होता. पुढे जिव्या सोमा म्हसे यांनी हीच चित्रं कागदावर आणि कापडावर आणली, ती परदेशात पोचली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जग त्यांना ‘आर्टिस्ट’ म्हणून ओळखतं. पण आज तीच चित्रं पिशवीवर, साडीवर, किटलीवर रंगवून विकणारी बाई हस्तकलेच्या कार्यालयात ‘आर्टिझन’ ठरते.

म्हणजे एकच हात, एकच रेघ, पण कागद बदलला की शब्द बदलतो. यात कमीपणा काही नाही. ‘आर्टिझन’ लिहिलं म्हणून कला हलकी होत नाही आणि ‘आर्टिस्ट’ लिहिलं म्हणून मोठी होत नाही. प्रदर्शनात चित्रावर नाव घालायचं असेल तर आर्टिस्ट आणि हस्तकलेचं ओळखपत्र काढायचं असेल तर आर्टिझन. गणपतीची मूर्ती घडवणाऱ्याचंही असंच.

कायदा काय म्हणतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्र, शिल्प, रेखाटन यांना संरक्षण आहे आणि चित्राचा पहिला हक्क साधारणपणे ते काढणाऱ्याचा असतो. ‘परफॉर्मर’ची व्याख्या तर फारच मोठ्या मनाची आहे. नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी कसरत करणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारासुद्धा त्यात येतो. तेव्हा गावच्या जत्रेत गाणाऱ्याचा व्हिडिओ कुणी न विचारता विकत असेल, तर ‘आपण कुठले आर्टिस्ट’ म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

बोलताना होणाऱ्या चुका

इंग्रजीत ‘आय ॲम आर्टिस्ट’ असं म्हणत नाहीत. ‘आय ॲम ॲन आर्टिस्ट’ म्हणतात. ‘आर्टिस्टिक’ म्हणजे कलात्मक, तो माणसाचा व्यवसाय नव्हे. आणि ‘कॉन आर्टिस्ट’ हे कौतुक नाही, त्याचा अर्थ लोकांना गंडवणारा भामटा.

थोडक्यात लक्षात ठेवा

– वस्तू घडवत असाल : आर्टिझन
– चित्र, शिल्प करत असाल : आर्टिस्ट, हस्तकला म्हणून विकत असाल तर आर्टिझनही
– गात, वाजवत, नाचत, अभिनय करत असाल : आर्टिस्ट किंवा परफॉर्मर
– फक्त ऑनलाइन व्हिडिओ बनवत असाल : क्रिएटर

सेतू किंवा सीएससी केंद्रात अर्ज भरून घेताना ‘काहीतरी टाक’ असं म्हणू नका. आपण काय करतो ते मराठीत नीट सांगा आणि ऑपरेटरने कुठला शब्द निवडला तो स्क्रीनवर पाहूनच अर्ज पाठवा.