हजार महिने आणि एक रात्र

मोडी शिकायला लागलो तेव्हा मला अक्षरांपेक्षा तारखांनी जास्त छळलं. पत्राच्या शेवटी 'छ २७ रमजान' अशासारखं काहीतरी असायचं. 'छ' म्हणजे चंद्र, म्हणजे चांद्र महिन्याची तारीख. वर्षही अरबी आकड्यांत लिहिलेलं: इहिदे, इसन्ने, सलास. हा शुहूर सन. दख्खनेत १३४४च्या सुमारास सुरू झाला. सूर्य मृगात गेला की तो बदलतो, आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. महिने मुसलमानी, पण वर्ष मात्र पेरणीबरोबर चालणारं.

पेशव्यांच्या दप्तरात हे सगळीकडे आहे. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापलेल्या पटवर्धनी पत्रांतही आहे. पटवर्धन गणपतीचे निस्सीम भक्त. पण त्यांच्या कागदांवर मोहरम, रमजान, सवाल, जिल्काद असे महिने निवांत येतात-जातात. लिहिणाऱ्या कारकुनाला त्यात वावगं वाटत नसे. तो त्याचाही रमजान होता, निदान तारखेपुरता.

तारखेपुरताच तो मलाही माहीत होता. मोडीच्या वर्गात माझ्याबरोबर मिरजेचे एक निवृत्त गृहस्थ होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. २०२५च्या रमजानमध्ये ते म्हणाले, "सत्ताविसाव्या रात्री मिरजेला या, मशिदीत कुराण पूर्ण होतं." मी साताऱ्यात बसून पंचांग पाहिलं, २७ रमजान म्हणजे शुक्रवार, २८ मार्च, आणि त्या संध्याकाळी निघताना त्यांना फोन केला. ते हसले. "अहो, ती काल झाली! आमचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो. आधी रात्र, मग दिवस." इतकी वर्षं तारखा जुळवणाऱ्या माणसाला हे सुचायला हवं होतं.

तरीही गेलो. चाचांनी शांतपणे समजावलं. ही शबे-कद्र. फारसीत 'शब' म्हणजे रात्र. कुराण याच रात्री उतरायला सुरुवात झाली, अशी श्रद्धा आहे. ती नेमकी कोणती हे मात्र सांगून ठेवलेलं नाही. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्रींत शोधायची: २१, २३, २५, २७, २९. आपल्याकडे सत्ताविसावीला मान आहे. तरावीहच्या नमाजात महिनाभर चाललेलं कुराणपठण बऱ्याच मशिदींत त्याच रात्री संपतं. काही जण विसाव्या रोजाच्या संध्याकाळपासून ईदचा चंद्र दिसेपर्यंत मशिदीतच मुक्काम करतात, त्याला एतिकाफ म्हणतात. चाचा म्हणाले, "नक्की रात्र कळली असती तर लोक एकच रात्र जागले असते."

कुराणाची ९७वी सुरा, जेमतेम पाच आयतींची, या रात्रीवरच आहे. तिच्यानुसार ही एक रात्र हजार महिन्यांहून मोलाची. हजार महिने म्हणजे ८३ वर्षं आणि ४ महिने. एक भरलेलं माणसाचं आयुष्य.

हा आकडा माझ्या डोक्यात अडकला, त्याचं कारण त्या महिन्यातल्या बातम्या. औरंगजेबाची खुलताबादची कबर हटवा, अशी मागणी जोरात होती आणि १७ मार्चला नागपुरात दंगल झाली होती. रमजान आणि औरंगजेब हे शब्द एकाच दमात उच्चारले जात होते. घरी आल्यावर मी साताऱ्यातला औरंगजेबाचा रमजान शोधायला बसलो.

तो खरोखरच आहे. डिसेंबर १६९९मध्ये बादशहाने अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. त्याचा तळ होता किल्ल्याच्या उत्तरेला, करंज्याजवळ. आज करंजे साताऱ्यातच आलंय. हिजरी ११११चा रमजान आला तो १७००च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे वेढा चालू असताना. तो आपला फाल्गुन होता. दोन्ही महिने चंद्राचेच. आपण अधिक मास घालून ऋतू धरून ठेवतो, हिजरी वर्ष तसं करत नाही म्हणून दर वर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतं. त्या वर्षी जुळणी अशी होती की पाडवा आणि ईद लागोपाठ आले. २०२५मध्येही तसंच झालं: ३० मार्चला पाडवा, ३१ला ईद.

औरंगजेबाचा जन्म १५ जिल्काद १०२७ हिजरीचा. तिथपासून करंज्याच्या त्या सत्ताविसाव्या रात्रीपर्यंतचे महिने मी मोजले. एक हजार सहा. म्हणजे साताऱ्यासमोर बसलेल्या त्या म्हाताऱ्याचे हजार महिने नुकतेच भरले होते. कुराण पाठ असलेल्या, स्वतःच्या हाताने त्याच्या प्रती लिहिणाऱ्या माणसाला त्या सुरेचा अर्थ कुणी सांगायला नको होता. त्याच्या सगळ्या आयुष्यापेक्षा ती एक रात्र जड होती.

आणि त्याच महिन्यात, फाल्गुन वद्य नवमीला, सिंहगडावर राजाराम महाराज गेले. रमजानचे शेवटचे दहा दिवस तेव्हा सुरू झाले होते. खाफीखान लिहितो की ही खबर आली तेव्हा बादशहाने आनंदाचे नगारे वाजवायला सांगितलं. १३ एप्रिलला तटाखाली सुरुंग उडवले, त्यातला दुसरा उलटला आणि मोगलांचीच सुमारे दोन हजार माणसं गेली. २१ एप्रिलला प्रयागजी प्रभूंनी झुंजवलेला किल्ला मोगलांकडे गेला. त्याचं नाव आझमतारा ठेवलं. पण ताराबाई उभ्या राहिल्या, आणि १७०८मध्ये शाहूंचा राज्याभिषेक याच साताऱ्यात झाला. त्यांच्या राज्यातल्या कारकुनांनी रमजान महिना कागदावरून पुसला नाही.

मला म्हणायचंय ते एवढंच. औरंगजेबाने रमजानचा महिना साताऱ्यावर तोफा लावून घालवला. म्हणून रमजान त्याचा होत नाही. मराठ्यांनी हा फरक केला होता. ज्याच्याशी सत्तावीस वर्षं झुंजले त्याचा धर्म कोणता हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, तरीही त्यांच्या पत्रांवर त्या महिन्यांच्या तारखा पडत राहिल्या. आपल्याला हा फरक जड जातो. सप्टेंबर २०२३मध्ये माझ्याच जिल्ह्यात, पुसेसावळीला, समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून दंगल झाली, मशिदीवर हल्ला झाला आणि एक तरुण मारला गेला. इतिहासाचा अभिमान म्हणून आम्ही साताऱ्याचे लोक जे मिरवतो, त्यात हेही आता धरावं लागेल.

चाचांनी जाताना आणखी एक सांगितलं. या रात्री काय मागावं, असं हजरत आयेशांनी पैगंबरांना विचारलं होतं. उत्तर आलं, क्षमा मागावी. त्यासाठीचा अरबी शब्द 'अफ्व'. आपला 'माफ' त्याच धातूतला. आणि 'कद्र' म्हणजे मोल. आपण 'कदर करणे' म्हणतो ती तीच. मराठीत हे दोन्ही शब्द इतके मुरलेत की बाहेरून आल्याचं लक्षातही येत नाही.

पुढच्या रमजानात सव्विसाव्या रोजाला, सूर्य मावळायच्या आत मिरजेत पोचायचं ठरवलंय.