काडतुसाविना रायफल

आपल्या यशवंतपूरला लागूनच जालहळ्ळी आहे. आज तिथे भारत इलेक्ट्रॉनिक्स आहे, हवाई दलाची वसाहत आहे, मेट्रो आहे. पण केनेथ अँडरसन या बेंगळुरूच्या शिकाऱ्याचं पहिलं पुस्तक १९५४ साली आलं, त्यात या जालहळ्ळीच्या बिबट्याची एक अख्खी कथा आहे. पुढे पुस्तकं वाचून लोक अँडरसनचे चाहते झाले, आणि त्याच्या हातातल्या रायफलचेसुद्धा. आज त्या रायफलच्या निमित्ताने एक साधा प्रश्न घेऊ. जुनी शिकारी रायफल पुन्हा चालती करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

अँडरसनची रायफल होती विंचेस्टर कंपनीची १८९५ मॉडेल, बोअर .४०५. जॉन ब्राउनिंगची रचना, खालचा लिव्हर ओढून गोळी भरायची. .४०५चं काडतूस १९०४ साली आलं. गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास, आणि वेग सेकंदाला सुमारे ६७० मीटर. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली हीच रायफल घेऊन आफ्रिकेत सिंहांमागे गेले होते. एवढी नामवंत रायफल! पण पुढे मागणी घटली. कंपनीने आधी रायफल थांबवली, मग १९५०च्या दशकात काडतूसही. रायफल ठणठणीत, पण काडतूसच नाही. अशा रायफलीत आणि लोखंडी नळात फरक काय?

मंडळी, इथेच मुद्दा येतो. रायफलीचं आयुष्य नळीवर नाही, काडतुसावर ठरतं. आणि आपल्या देशात काडतूस कोणतं, हे शिकाऱ्याने नाही, सरकारने ठरवलं.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. १९०७च्या सुमारास .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी झाली. का? जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी बंदुका त्याच बोअरच्या होत्या. शिकारीचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल, ही भीती. मग इंग्लंडच्या बंदूकवाल्यांनी काय केलं? बोअर थोडी बदलली! .४६५ आणि .४७० ही वाघ-हत्तीची प्रसिद्ध काडतुसं या बंदीनंतरची. तीच गत .३०३ची. ती फौजेची बोअर, म्हणून सामान्य माणसाला मना. त्याऐवजी ऑस्ट्रियाच्या आठ मिलिमीटर मॅनलिकर काडतुसावरची .३१५ रायफल इथे रुजली. ती पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात होऊ लागली, आणि तिची काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीत. १८६९ सालच्या या दारूगोळा कारखान्याची ‘केएफ’ ही अक्षरं त्या पुंगळ्यांच्या बुडाशी दिसतात. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी.

आता भाराकडे येऊ. भार म्हणजे काडतुसात दारू किती आणि गोळी किती वजनाची. जुन्या इंग्रजी रायफलीच्या नळीवर तो कोरलेला असतो. ‘कॉर्डाइट, ७०-४८०, कमाल’ असं लिहिलं असेल, तर ७० ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची गोळी, त्यापलीकडे जायचं नाही. हा आकडा चाचणीतून आलेला. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३चं. तिथे नेहमीपेक्षा जास्त भार मुद्दाम उडवतात, नळी तपासतात, मगच शिक्का मारतात.

गंमत म्हणजे इंग्लंडच्या थंडीत ठरवलेला भार आपल्या मे महिन्यात वेगळा वागतो. कॉर्डाइट तापलं की दाब वाढतो. म्हणून उष्ण देशांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसं निघत. दोन नळ्यांच्या रायफलीत तर आणखी पंचाईत. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका जागी पडाव्यात म्हणून कारागीर ठरावीक भारावर त्या जुळवत असे. भार बदला, गोळ्या फाकल्या.

आणि सगळ्यात मोठा शत्रू? गंज. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की नळीत क्षार उरतो, तो हवेतलं पाणी ओढतो. नुसत्या तेलाने हा क्षार जात नाही, त्याला पाणीच लागतं. म्हणून जाणते शिकारी संध्याकाळी नळीतून उकळतं पाणी ओतत, कोरडी करत, मग तेल लावत. ज्या घरात हे झालं, तिथली नळी आजही आरशासारखी. नाही झालं, तिथे दस्ता कितीही पॉलिश करा, आत खड्डेच.

हे सगळं सांगायचं कारण असं. पुष्कळ घरांत आजोबांची रायफल आहे, सोबत डबाभर जुनी काडतुसं. काडतूस चेंबरमध्ये बसलं म्हणजे ते त्या रायफलीचं, असं मुळीच नाही. जुनी पितळ ठिसूळ झालेली असते, आणि बार तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर होतो. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम बघा. बनवणं आणि विकणं यांच्याबरोबरच दुरुस्ती आणि चाचणी हे शब्दही त्यात आहेत. यांतलं काहीही धंदा म्हणून करायचं, तर परवाना हवा. घरातलं हत्यार ठेवायलाही तुमच्या नावचा परवाना लागतो. म्हणून आधी परवान्याचं बघा, मग परवानाधारक बंदूकवाल्याकडून नळी तपासून घ्या.

शिकारीला १९७२च्या वन्यजीव कायद्याने लगाम घातला, अँडरसन १९७४ साली गेला. ही रायफल आता बिबट्यासाठी नको. तिच्यावरचे शिक्के वाचा, बोअर बघा, पुंगळीचं बूड बघा. कोणाला कोणती गोळी मिळेल हे ज्यांनी ठरवलं, त्यांचा हिशेब त्या पोलादावर कोरलेला आहे, आणि तो वाचायला बार काढावा लागत नाही.