कंपन्यांना नको असलेले संगीत



या व्यासपीठावरून संगीतावर बोलण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. माझे आयुष्य गेले ते कामगारांच्या सभा भरवण्यात, आणि जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. तथापि चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी हाच दिला. कारण या संगीताचा इतिहास अर्धा संगीताचा आहे आणि अर्धा संघटनेचा, व त्या दुसऱ्या अर्ध्याविषयी मला थोडेफार कळते.

आमच्या युनियनमधल्या एका फिटरच्या मुलाने हे मला प्रथम ऐकवले. पाच मिनिटांतच मी त्याला विचारले, "अरे, ही माणसे वाद्ये जुळवताहेत की वाजवताहेत?" तो हसून म्हणाला, "काका, पुन्हा ऐका." तिसऱ्यांदा ऐकले तेव्हा ध्यानात आले की, ज्याला मी गोंधळ समजत होतो त्यातला बराचसा भाग स्वर न् स्वर कागदावर लिहिलेला आहे, आणि उरलेला मात्र त्या क्षणी सुचेल तसा वाजवलेला आहे. दोहोंचा सांधा कोठे आहे हे ओळखणे, हीच यातली पहिली गंमत.

१९६८ साली केंब्रिज विद्यापीठातील फ्रेड फ्रिथ आणि टिम हॉजकिन्सन या दोन विद्यार्थ्यांनी 'हेन्री काऊ' नावाचा वाद्यवृंद काढला. १९७१ मध्ये क्रिस कटलर हा ढोलवादक त्यांना येऊन मिळाला आणि १९७४ मध्ये लिंडसे कूपर ही बसून वाजवणारी बाई आली. बसून म्हणजे पाश्चात्त्य वाद्यमेळातली ती लांबलचक लाकडी सुषिर वाद्याची नळी. रॉकच्या विजेच्या गिटारींशेजारी तिला कोणी बसवत नसे. १९७३ मध्ये व्हर्जिन या तेव्हा नव्या असलेल्या कंपनीने त्यांच्याशी करार केला. त्या वेळी कंपनीला प्रयोगाची हौस होती. पुढे तिची नजर खपणाऱ्या मालाकडे वळली, आणि हेन्री काऊचा माल काही तसा खपणारा नव्हता. इंग्लंडात कार्यक्रम मिळेनात, म्हणून ही मंडळी इटली, फ्रान्स, स्वीडन अशी हिंडत राहिली. निर्णय मात्र सर्वांनी बसून घ्यायचे, अशी त्यांची शिस्त होती, आणि त्यांच्या बैठका तासन्‌तास चालत. (ज्यांनी युनियनच्या कार्यकारिणीत रात्री काढल्या आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको.)

या भटकंतीत त्यांना एक गोष्ट उमगली. प्रत्येक देशात त्यांच्यासारखाच एखादा वृंद अडगळीत पडला होता, आणि शेजारच्या देशाला त्याचे नावही ठाऊक नव्हते. निरनिराळ्या गिरण्यांतले कामगार एकाच मालकाविरुद्ध वेगवेगळे कुढत बसावेत, तशीच ही स्थिती. तेव्हा १२ मार्च १९७८ रोजी लंडनच्या न्यू लंडन थिएटरात हेन्री काऊने चार वृंदांना बोलावले : बेल्जियमचा युनिव्हेर झेरो, फ्रान्सचा एत्रों फू लेलुब्लां, स्वीडनचा साम्ला मामास मान्ना आणि इटलीचा स्टॉर्मी सिक्स. या मेळ्याचे नाव 'रॉक इन ऑपोझिशन', म्हणजे विरोधी बाकावरचा रॉक. रेकॉर्ड कंपन्यांना जे तुमच्या कानी पडू द्यायचे नाही ते संगीत, अशी त्यांची घोषणा होती.

हे पाच वृंद एकसारखे वाजवत होते, असे मात्र समजू नका. स्टॉर्मी सिक्स हा मिलानचा, फॅसिझमविरुद्धच्या लढ्याची गाणी इटालियनमध्ये गाणारा. त्याने सहकारी तत्त्वावर 'लोर्केस्त्रा' ही स्वतःची संस्था उभारली होती. स्वीडिश मंडळींत अकॉर्डियन आणि भरपूर थट्टा. अमेरिकन ढंगाची नक्कल न करता आपापल्या मातीतून रॉक उभा करायचा, एवढेच त्यांच्यात समान होते, आणि माझ्या मते तेच मोठे होते.

नवख्या माणसाने सुरुवात कोठून करावी? मी सांगेन, युनिव्हेर झेरोपासून. १९७९ च्या 'एरेझी' या तबकडीत तुम्हाला चक्क हार्मोनियम ऐकू येईल. ही आपली बाजाची पेटीच. पण येथे ती भजनाला साथ करीत नाही, तर थंड तळघरात कोणी श्वास घ्यावा तशी दीर्घ सूर धरून बसते. पहिलीच रचना सुमारे पंचवीस मिनिटांची आहे. घाईने ऐकू नये. लय अडखळल्यासारखी वाटली तर बोटांवर मात्रा मोजाव्यात. इंग्रजी चालींचा कान चारात अडकलेला असतो. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला विषम मोजणीचे इतके भय वाटण्याचे कारण नाही.

त्यानंतर हेन्री काऊची १९७५ ची 'इन प्रेझ ऑफ लर्निंग' घ्यावी. मुखपृष्ठावर एक लाल मोजा आहे. नाव ब्रेख्तचे. गोर्कीच्या कादंबरीवरून त्याने रचलेल्या 'आई' या नाटकात शिकण्याची थोरवी सांगणारे गीत आहे, त्याचे हे शीर्षक. तीत हॉजकिन्सनची पंधरा मिनिटांवर चालणारी एक रचना डागमार क्राउझे गाते. तिचा आवाज गोड नाही; तो वाद घालणारा आहे. मला तो कळायला महिना लागला. योगायोग असा की, लंडनचा तो मेळा भरला त्याच १९७८ साली आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या दुसऱ्या नाटकावरून केलेला 'तीन पैशाचा तमाशा' रंगभूमीवर आला.

संघटनेचे पुढे काय झाले? डिसेंबर १९७८ मध्ये स्वित्झर्लंडात बैठक होऊन आणखी तीन वृंद घेतले गेले व सभासदत्वाच्या अटी ठरल्या : वादन उत्तम हवे, रॉकशी सामाजिक बांधिलकी हवी, व्यवहार धंद्याच्या बाहेरचा हवा. पुढच्या वर्षी मिलानला मेळा भरला आणि त्यानंतर संघटना विरत गेली. 'उत्तम' कोण ठरवणार? ज्या युनियनमध्ये सभासद होण्यासाठी आधी कसबाची परीक्षा द्यावी लागते, ती युनियन राहत नाही, तिचे मानकऱ्यांचे मंडळ होते. हेन्री काऊ तर १९७८ मध्येच फुटला होता. तथापि कटलरने त्याच साली काढलेल्या 'रेकमेंडेड रेकॉर्ड्स'ने ही संगीते टपालाने घरोघर पोचवली. वितरण आपल्या हाती ठेवले, हे त्याचे शहाणपण.

नाव मात्र उरले. २००७ पासून काही वर्षे फ्रान्सच्या दक्षिणेकडील कार्मो गावाजवळ त्याच नावाचा महोत्सव भरत असे. कार्मो म्हणजे १८९२ च्या खाणकामगारांच्या संपाचे गाव. कामगारांपैकीच एक, काल्विन्याक, नगराध्यक्ष निवडून आला म्हणून कंपनीने त्याला कामावरून काढले, आणि खाण बंद पडली. त्या संपातून झॉं जोरेस पुढे आला व १८९३ मध्ये तेथूनच लोकसभेवर गेला. तेथली कोळशाची उघडी खाण १९९७ मध्ये मिटली, आणि तिच्याच जागेवर उभारलेल्या उद्यानात हे वाद्यवृंद वाजवीत.