गाऱ्हाण्याची वाट कोणाच्या दारावरून?

नगरपालिकेने पाणी दिले नाही, गटार उपसले नाही, तर दाद कोणाकडे मागावयाची? या प्रश्नाला आधुनिक राज्यव्यवस्थेने दिलेले एक उत्तर म्हणजे ऑम्बुड्समन. १८०९ साली स्वीडनमध्ये जन्मलेली ही संस्था आपल्याकडे 'लोकायुक्त' या नावाने आली. पाठ्यपुस्तकांतून तिचा इतिहास प्रशासन-सुधारणेचा एक प्रसन्न अध्याय म्हणून येतो. परंतु गावकुसाबाहेरून या इतिहासाकडे पाहू लागलो, की एक प्रश्न पुढे उभा राहतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याच दारावरून तक्रारीची वाट का जाते?

इंग्लंडचे उदाहरण या दृष्टीने मोठे बोलके आहे. तेथे १९७४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांच्या गैरकारभाराची चौकशी करणारे खास आयुक्त नेमले गेले. पण नागरिकाने आपली तक्रार थेट त्यांच्याकडे न्यावयाची नाही. ती प्रथम कौन्सिलच्या एखाद्या सभासदाकडे द्यावयाची आणि त्याने ती पुढे पाठवावयाची! सभासदाने टाळाटाळ केली तर थेट जाण्याची एक फट कायद्याने ठेवली होती, एवढेच. हा अडसर निघावयाला १९८८ साल उजाडले. लोकशाहीची जननी म्हणविणाऱ्या देशाला हे उमगावयाला चौदा वर्षे लागली.

आपल्या समाजाला मात्र हा धडा महाडात फार पूर्वी मिळाला होता. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडून संमत करून घेतला. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. ठराव दप्तरात राहिला, तळे होते तसेच राहिले. १९२६ साली बोल्यांना पुन्हा उभे राहून सांगावे लागले, की ज्या संस्था हे मानीत नाहीत त्यांचे अनुदान रोखा. आजच्या प्रशासकीय भाषेत याला 'सेवेतील कसूर' म्हणतील. नगरपालिकेची मालमत्ता, नगरपालिकेचा ठराव आणि अंमल शून्य!

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोकांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो दिवस आपणा सर्वांना पाठ आहे. पुढचे मात्र आपण फारसे आठवीत नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. डिसेंबरात काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला, तळे खाजगी असल्याचे सांगून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला, आणि प्रतिवादी कोण, तर भीमराव रामजी आंबेडकर! ज्याने गाऱ्हाणे मांडावयाचे तोच आरोपीच्या जागी उभा केला गेला. तळे नगरपालिकेचेच आहे आणि बहिष्काराची रूढी अनादि काळापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही, हा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाकडून मिळाला तेव्हा १९३७ चा मार्च महिना चालू होता. जवळजवळ दहा वर्षे गेली होती. तीही बॅरिस्टर असलेल्या माणसाची. ज्याच्याजवळ मुखत्यारपत्राचेही पैसे नव्हते, त्याने काय करावयाचे होते?

दावा चालू असतानाच, १९२८ साली, मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० च्या अहवालात समितीने एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली: सार्वजनिक सोयींवरचा हक्क कागदावर दिला, तरी तो बजावावयाला निघालेल्या अस्पृश्यांवर मारहाणीचे आणि बहिष्काराचे संकट येते, कारण त्यांची भाकरी त्याच लोकांच्या हाती असते. तक्रारीचे शुल्क कोर्टाच्या स्टँपात नव्हे, बंद झालेल्या कामात आणि वाण्याच्या दुकानात मोजले जाते, हे प्रशासनशास्त्राच्या कोणत्या ग्रंथात सापडते?

महाराष्ट्राने लोकायुक्तांचा कायदा १९७१ साली केला आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये त्यांची कचेरी सुरू झाली. देशातली ही पहिली कार्यरत कचेरी. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. जोहार घालून मायबापापुढे उभे राहण्यापेक्षा कायद्याने गाऱ्हाणे मांडणे केव्हाही मोठेच. पण तक्रार लेखी हवी, सोबत प्रतिज्ञापत्र हवे, ती बारा महिन्यांच्या आत हवी. आणि एवढे करून शेवटी मिळावयाची ती शिफारस. त्याच १९७२ साली परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दोन दलित स्त्रियांना नग्न करून मारहाण झाली. त्या गावातल्या कोणी बारा महिन्यांच्या मुदतीत प्रतिज्ञापत्रावर नाव घालून पाण्याची तक्रार करावी, अशी ही अपेक्षा होती.

या कायद्यातील एक वगळणूकही ध्यानात घेण्यासारखी आहे. लोकसेवकांच्या नेमणुका, पगार, शिस्त, नोकरीच्या शर्ती यांविषयीचे गाऱ्हाणे लोकायुक्तांच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. इंग्लंडच्या कायद्यानेही तेच केले होते. तत्त्व म्हणून ते ठीक दिसते. पण आपल्या नगरपालिकांतून झाडू आणि गटार कोणत्या जातींच्या वाट्याला आले, हे कोणाला सांगावयास नको. गटार तुंबले म्हणून पेठेतला रहिवासी गाऱ्हाणे घेऊन जाऊ शकत होता. त्याच गटारात उघड्या अंगाने उतरणाऱ्या कामगाराला आपल्या कामाच्या शर्तींविषयी त्या दाराशी जाता येत नव्हते. निवृत्तीवेतन वा ग्रॅच्युइटी थकली, तर मात्र येत होते. म्हणजे नोकरी संपल्यावर.